आम्हाला कादंबरी वाचू द्या

घरात पाठ्यपुस्तक उघडले की आई-बाबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. बाबासाहेबांचे चरित्र उघडले की अभिमान दिसतो. स्पर्धा परीक्षेचे जाडजूड पुस्तक उघडले, तर आल्या-गेल्या पाहुण्यालाही ते मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. पण त्याच हातात एखादी कादंबरी दिसली की प्रश्न सुरू होतात. "काय वाचून राह्यली हे? परीक्षेत येते काय? बुकं वाचाचीच हायेत, त अभ्यासाची वाच ना!"

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील नेरची पाच-सात मुलंमुली आहोत. कुणी अकरावीला आहे, कुणी बारावीला. नेर हे यवतमाळहून अमरावतीला जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. सभोवती कपाशी, सोयाबीन नि तुरीची शेती. आमच्यापैकी काहींचे आई-वडील मजुरी करतात, काहींची थोडी शेती आहे, एकाचे बाबा नोकरीत आहेत. सोयाबीनच्या सोंगणीला आणि कापूस वेचायला आम्हीही सुटीच्या दिवशी जातो. वस्तीतल्या बहुतेक आजी अंगठा उठवीत आल्या. त्यांच्या नातवंडांच्या हातात आज पुस्तक आहे, याची किंमत आम्हाला कळते. म्हणूनच हे लिहिताना आम्ही मोठ्यांशी भांडायला बसलेलो नाही. कादंबरी वाचून आम्हाला काय मिळते, ते कुणी कधी शांतपणे विचारले नाही. म्हणून आपल्या साप्ताहिकाच्या या कौटुंबिक पानावर आम्हीच ते सांगतो आहोत.

पुस्तक हाती कसे येते

दरवर्षी अशोक विजयादशमीला आमच्या वस्तीतून माणसे नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. शिदोरी बांधून निघालेली ही माणसे परत येतात तेव्हा पिशवीत पुस्तके असतात. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला जिथे धम्मदीक्षा झाली, तिथे आज पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात नि साध्या मजुराच्या हातातही दोन-तीन पुस्तके दिसतात. जगात असे मेळे फार थोडे असतील. आमच्या घरातली पहिली पुस्तके अशीच आली. बाबासाहेबांचे चरित्र, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', संविधानाची प्रत, भाषणांच्या लहान पुस्तिका.

ही पुस्तके आमच्या घराचा पाया आहेत. पण या पिशवीत कादंबरी क्वचितच असते. कादंबऱ्या आमच्याकडे आल्या त्या वेगळ्या वाटेने. कुणाच्या दादाने कॉलेजात असताना घेतलेली एक, कुणाच्या मावशीच्या घरून आणलेली एक, एखादी वाचनालयातून, एखादी अमरावतीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून. एक प्रत आली की ती सात घरी फिरते. वर्तमानपत्राचे कव्हर घालतो, म्हणजे पुस्तक खराब होत नाही आणि खरे सांगायचे तर पुस्तकाचे नावही दिसत नाही. आमचा एकच नियम आहे. ज्याचे वाचून झाले त्याने एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवायचा. सातव्या वाचकाकडे पुस्तक पोचते तेव्हा त्यात सहा प्रश्न असतात. त्यावर आमच्या तासन् तास गप्पा होतात, आणि त्या गप्पांत आम्ही जितके एकमेकांना ओळखले, तितके शाळेच्या दहा वर्षांत ओळखले नव्हते.

आपली बोली छापलेली पाहिली तेव्हा

सुरुवातीला आम्ही फक्त गोष्टीसाठी वाचत होतो. पुढे काय झाले, एवढाच ध्यास. मग उद्धव शेळके यांची 'धग' हाती आली. १९६० साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या लेखकाने लिहिलेली. तिच्यातली कौतिक ही गरीब शिंपी घरातली बाई. कमावण्यात फारसा जीव नसलेला नवरा, वाढती मुले नि रोजची उपासमार यांच्याशी ती जन्मभर झगडते. या कादंबरीतली माणसे वऱ्हाडी बोलतात.

ही गोष्ट मोठ्यांना किरकोळ वाटेल. पण आमच्या बोलीला बाहेरगावी लोक हसतात. "करून राह्यलो", "जाऊन राह्यली" असे तोंडून गेले की "नीट बोल" म्हणून सांगितले जाते. त्यामुळे आपली बोली म्हणजे घरात बोलायची, लपवायची चीज, असा समज मनात पक्का बसला होता. ती बोली जाड पुस्तकात, कुठलीही माफी न मागता, पानोपानी छापलेली पाहिली आणि आमच्यातली एक जण म्हणाली, "अवं, हे तं माही आजीच बोलून राह्यली!" तिने त्या पुस्तकातले दोन प्रसंग आजीला मोठ्याने वाचून दाखवले. आजीने सारे काम बाजूला ठेवून ऐकले. शेवटी विचारले, "हे बाई कोन्या गावची होय?"

आजीला ती बाई खरी वाटली. आम्हालाही वाटली. कौतिकची जात वेगळी, काळ वेगळा. पण चुलीपुढे बसून उद्याच्या पिठाचा हिशेब करणारी बाई आम्ही घरोघरी पाहिलेली आहे. तिच्या मनात त्या वेळी काय चालते, ते मात्र पाहिलेले नव्हते. ते कादंबरीने दाखवले. त्यानंतर आईचा राग आला तरी आमच्यातल्या काहींना उलट उत्तर देताना थांबावेसे वाटते. आई का चिडली असेल, हा विचार आधी येतो. वाढणे म्हणतात ते हेच असावे, असे आम्हाला वाटते.

वयाची घुसमट

तेरा-चौदाव्या वर्षापासून माणसाच्या आत किती उलथापालथ होते, हे मोठ्यांना आठवत असेलच. शरीर बदलते, आवाज बदलतो, आरशात पाहावेसे वाटते आणि पाहताना लाजही वाटते. कुणीतरी आवडू लागते. एखाद्या दिवशी कारण नसताना रडू येते. यातले काहीच घरात बोलायची सोय नसते. मुलींना एकदम सांगितले जाते, "आता तू मोठी झाली, दारात उभी राहू नको." मुलांना सांगितले जाते, "आता तू मोठा झाला, घराचं पाह्य." मोठे होणे म्हणजे नेमके काय, हे कुणीच सांगत नाही.

मोबाईलवर या वयाबद्दल खूप काही दिसते. ते क्षणात येते, क्षणात जाते आणि त्यातले बरेचसे आम्हाला आणखी गोंधळात टाकते. कादंबरी तसे करत नाही. ती एका मुलाबरोबर, एका मुलीबरोबर आम्हाला तीनशे पाने चालवते. मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ साली आली. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुलगा, त्याचे मित्र आणि त्याला आवडणारी वर्गातली मुलगी, अशी ती गोष्ट आहे. ती वाचून आम्ही बिघडलो नाही. आपल्या मनात जे चालले आहे ते जगावेगळे नाही आणि त्यात गुन्हा काही नाही, एवढे मात्र कळले. आवडणे वेगळे, त्यापायी स्वतःचे नि दुसऱ्याचे नुकसान करून घेणे वेगळे, हा फरकही त्या गोष्टीतून जितका उमजला, तितका कुणाच्या भाषणातून उमजला नव्हता.

मुलींना सर्वांत जवळची वाटली ती मात्र फार जुनी कादंबरी. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही १८९० मध्ये निघालेल्या 'करमणूक' या साप्ताहिकात क्रमशः आली होती. म्हणजे तीही अशाच एका साप्ताहिकाच्या पानांवर वाढली. तिच्यात यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने स्वतःचे आयुष्य सांगते. लहानपण, भावाची माया, कोवळ्या वयातले लग्न, सासर आणि पुढे वैधव्य. ते घर पुण्या-मुंबईकडचे, ब्राह्मणाचे. आमच्या घराशी त्याचे काहीच साम्य नाही, असे वाटून आम्ही पुस्तक उघडले होते. पण भावाला जे सहज मिळते ते बहिणीला मागूनही मिळत नाही, हे वाचताना आमच्यातल्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. आमच्यातल्या एका मुलाने त्या पुस्तकातल्या चिठ्ठीवर लिहिले होते, "माझी बहीण भांडी घासते त्या वेळी मी काय करत असतो?" हा प्रश्न त्याला कुणी भाषण देऊन विचारायला लावला नव्हता.

"खोट्या गोष्टी कशाला?"

आमच्या वस्तीतले एक काका फार वाचणारे आहेत. त्यांचा आक्षेप वेगळा आहे. ते म्हणतात, "आत्मकथनं वाचा. ती खरी आहेत. कादंबरी म्हणजे कल्पनेचा खेळ. आपल्या समाजाला कल्पना परवडत नाहीत."

काकांचे अर्धे म्हणणे आम्हाला पटते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि मराठीत न सांगितलेले जगणे पुढे आले. १९८६ साली पुस्तकरूपाने आलेले बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आमच्यातल्या प्रत्येकीने वाचले आहे. फलटणला किराणा दुकान चालवता चालवता, पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत. लिहिलेले घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवत. पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालणाऱ्या आम्हा मुलींना हे वाचून किती धीर आला असेल, याची कल्पना करा.

पण उरलेल्या अर्ध्याला आमचे उत्तर आहे. आत्मकथन लिहिणारा माणूस कसाबसा का होईना, तगलेला असतो. तो शाळेत गेला, त्याच्या हाती लेखणी आली, म्हणून त्याची गोष्ट आपल्यापर्यंत आली. ज्यांच्या हाती लेखणी आलीच नाही, त्यांचे काय? कौतिकसारखी बाई आत्मकथन कधी लिहिणार होती? इंग्रजी अंमलात भुकेल्या माणसांसाठी धान्य लुटणारा आणि त्यापायी मरणाला सामोरा गेलेला फकिरा आपली गोष्ट सांगायला उरलाच नाही. ती अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ साली कादंबरीत सांगितली आणि ते पुस्तक बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केले. अण्णाभाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस बसले, असे सांगतात. वाटेगावहून मुंबईला येऊन, गिरण्यांत राबून, अक्षरे जुळवत ते वाचायला शिकले. ज्याला शाळेने बाहेर ठेवले त्या माणसाने लिहिलेली कादंबरी १९६१ साली राज्य शासनाच्या पुरस्काराला पात्र ठरली. असल्या पुस्तकाला "कल्पनेचा खेळ" म्हणून बाजूला सारावे, हे आमच्या मनाला पटत नाही.

दुसरी गोष्ट. कादंबरी आम्हाला अशा माणसांच्या घरात नेते, ज्यांच्या उंबऱ्यापर्यंतही आम्ही एरवी गेलो नसतो. आनंद यादवांच्या 'झोंबी'त (१९८७) कोल्हापूरकडच्या कागलचा एक शेतकऱ्याचा पोर शाळेसाठी बापाशी झुंजतो. बाप त्याला शाळेतून काढून मळ्यात जुंपतो, पोरगा पुन्हा शाळेची वाट धरतो. आमच्या वर्गातल्या शेतकऱ्याच्या मुलाची नि आमची फार ओळख नव्हती. 'झोंबी' वाचल्यावर आम्ही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. आज तो आमच्या सात घरांतले आठवे घर आहे. आम्ही त्याला 'फकिरा' वाचायला दिली. त्याने आत ठेवलेली चिठ्ठी अशी होती, "हे आम्हाला कुणी आधी का सांगितले नाही?"

प्रश्न विचारणारा वाचक

यापुढची पायरी आम्ही अलीकडेच चढू लागलो आहोत. कादंबरीत बुडून जाणे ठीक आहे. पण डोके वर काढून विचारलेही पाहिजे, की या पुस्तकात आम्ही कुठे आहोत? पुष्कळ जुन्या कादंबऱ्यांत आमची माणसे वेशीपलीकडची सावली म्हणून येतात. एका वाक्यात येतात, जोहार घालतात, निघून जातात. त्यांना नाव नसते. हे लक्षात आले की पुस्तक फेकून द्यावेसे वाटते. पण फेकण्यापेक्षा त्याला प्रश्न विचारणे बरे, हे आम्ही एका शाळकरी मुलाकडून शिकलो.

त्या मुलाचे नाव भीमराव. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या घरातली एक आठवण सांगितली आहे. वडील रामजी सुभेदार मुलांना महाभारत-रामायण वाचायला लावत. भीमरावांनी एके दिवशी विचारले, की ज्यात ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांचा कमीपणा सांगितला आहे, ते आम्ही का वाचायचे? वडिलांनी सांगितले, की आपण अस्पृश्य असल्याने तुमच्या मनात न्यूनगंड येईल. द्रोण, कर्ण किती हीन स्थितीतून वर आले ते पाहा, वाल्मीकी पाहा, म्हणजे तो जाईल. मुलाला त्या म्हणण्यात तथ्य दिसले, पण त्याचे समाधान झाले नाही. त्याने भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांच्या वागण्यावर एकेक आक्षेप घेतला. वडील गप्प राहिले. घरात बंड झाले, हे त्यांना उमगले.

त्याच प्रस्तावनेत आणखी एक हकीकत आहे. भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले म्हणून समाजातल्या लोकांनी सभा घेतली. तिथे दादा केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते पुस्तक अभ्यासक्रमातले नव्हते. परीक्षेत त्यावर एकही प्रश्न येणार नव्हता. पण त्या एका अवांतर पुस्तकाने पुढे काय केले, ते आम्ही या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

या दोन्ही हकिकतींत आमच्यासाठी एक गोष्ट आहे नि मोठ्यांसाठी एक आहे. आमच्यासाठी अशी, की वाचलेले सारे खरे मानायचे नाही. पात्रांना जाब विचारायचा. मोठ्यांसाठी अशी, की रामजींना मुलाचे प्रश्न आवडले असतील वा नसतील, पण त्यांनी मुलाच्या हातचे पुस्तक काढून घेतले नाही. उलट मुलाला पुस्तक हवे असले नि हातात पैसा नसला, तर ते लेकीकडे जाऊन दागिना मागत, तो गहाण ठेवत आणि पुस्तक आणत.

पुस्तकासाठी माणसाला काय काय करावे लागते, याची दूरदेशीची एक गोष्ट आम्हाला गुरुजींनी सांगितली. अमेरिकेत मिसिसिपीत १९०८ साली जन्मलेला रिचर्ड राईट हा काळा मुलगा. १९२७ च्या सुमारास तो मेम्फिस शहरात मजुरी करीत होता. तिथल्या ग्रंथालयातून काळ्या माणसाला पुस्तके मिळत नसत. त्याने कामावरच्या एका गोऱ्या माणसाचे कार्ड मागून घेतले आणि त्याच्याच नावाने खोटी चिठ्ठी लिहिली, की या पोराजवळ पुस्तके द्यावीत. ग्रंथपाल बाईने संशयाने विचारले, "तू तर वाचणार नाहीस ना ही?" तो म्हणाला, मला वाचताच येत नाही. अशी 'न वाचता येणाऱ्या' मुलाने घरी नेलेली पुस्तके, पुढे त्यातल्या कादंबऱ्या, त्याने रात्र रात्र जागून वाचल्या. १९४० साली त्याची स्वतःची कादंबरी 'नेटिव्ह सन' आली आणि १९४५ साली 'ब्लॅक बॉय' या आत्मकथनात त्याने ही चिठ्ठीची हकीकत लिहिली. आपल्याकडे तलावाचे पाणी नि त्याच्याकडे ग्रंथालयाचे पुस्तक. पहारा तोच होता.

चांगले-वाईट आम्हालाही कळते

सगळ्याच कादंबऱ्या चांगल्या असतात, असे आमचे म्हणणे नाही. काही नुसत्या वेळ घालवतात. काहींत मुलगी म्हणजे सुंदर दिसणारी नि रडणारी बाहुली असते. काहींत गरीब माणूस फक्त मालकासाठी जीव द्यायला असतो. पण हे आम्हाला कळले ते जास्त वाचल्यामुळे. दहा कादंबऱ्या वाचणारा मुलगा अकराव्या कादंबरीला फसत नाही. एकही न वाचणारा मात्र मोबाईलवरच्या पहिल्याच खोट्या गोष्टीला फसतो.

अभ्यासाचे म्हणाल तर तोही आम्हाला सोडायचा नाही. आई-बाबांनी उन्हात वेचलेल्या कापसाच्या पैशातून आमची फी भरली जाते, हे आम्ही विसरलेलो नाही. बारावीच्या परीक्षेच्या दोन महिने आधी आमच्या पुस्तकांची फेरी थांबते. ते आम्हीच ठरवले आहे. पण वर्षाचे उरलेले दहा महिने रोज रात्री अर्धा-पाऊण तास कादंबरी वाचली तर नुकसान कुठले? लांब परिच्छेद न थकता वाचणे, त्यातला मुद्दा पकडणे, निबंधात स्वतःचे वाक्य लिहिणे, हे आम्हाला कुठल्या शिकवणीत मिळाले नाही. तिथेच मिळाले.

आमच्या जिल्ह्याला पुस्तकांचे वावडे आहे, असेही नाही. १९७३ साली ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१९ च्या जानेवारीत अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले. २०१९ च्या संमेलनाचे उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या एका भगिनीच्या हस्ते झाले. तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. ज्या बाईच्या दुःखावर कादंबऱ्या लिहिल्या जातात, ती बाई स्वतः त्या व्यासपीठावर उभी राहून बोलली. आज ते आठवले की वाटते, आमच्या वस्तीतल्या आयांच्या मनात किती कादंबऱ्या असतील! त्या लिहायच्या कुणी? १८५५ साली जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या कोवळ्या वयाच्या मातंग मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. आमच्याहूनही लहान होती ती. लिहिणारी माणसे आधी वाचणारी असतात.

आमचे मागणे

आई-बाबांनो, काका-मावश्यांनो, आमचे मागणे फार मोठे नाही.

यंदा दीक्षाभूमीवरून येताना पिशवीत इतर पुस्तकांबरोबर एक कादंबरी आणा. कुठली आणावी ते कळत नसेल तर आम्हाला विचारा, आम्ही यादी देऊ.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता नि अनुदान मिळते. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. आपल्या जवळचे ग्रंथालय 'ड' वर्गाचे का असेना, मुलांच्या आणि विशेषतः मुलींच्या नावाने वर्गणी भरा. मुलगी एकटी वाचनालयात गेली तर "कुठं फिरून राह्यली?" असे विचारू नका.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास पुस्तकावर बोलू द्या. मुलाने वाचलेल्या पुस्तकाबद्दल मोठ्यांनी ऐकावे, मधे टोकू नये. कुणाला वाचता येत नसेल त्यांना आम्ही वाचून दाखवू. 'धग'पासून सुरुवात करू, बोली आपलीच आहे.

आणि शेवटचे मागणे मुलींसाठी. संध्याकाळचा स्वयंपाक, भांडी, पाणी हे सारे तिच्याच वाट्याला असेल तर तिने वाचावे कधी? घरातले काम भावात नि बहिणीत वाटून द्या. तिच्या वाट्याला रोज एक तास यावा आणि त्या तासाला तिला कुणी हाक मारू नये. त्या तासात ती अभ्यास करील की कादंबरी वाचील, ते तिचे तिला ठरवू द्या. सोळा वर्षांची मुलगी एवढे नक्की ठरवू शकते.

पुस्तकाचे कव्हर काढून, नाव दिसेल असे ते उघड्यावर ठेवायची वेळ आमच्या घरांत यावी, एवढीच आमची इच्छा आहे.